मोजून दाखविणारा कारागीर

पावसाळा सरला, रब्बीची पेरणी आटोपली, की धाराशिव जिल्ह्यातील लोहारा गावी पंपांच्या दुकानापुढे शेतकऱ्यांची वर्दळ वाढते. विहिरीवर बसविण्यासाठी मोटार घ्यावयाची असते. तिचा रंग कोणी पाहात नाही, आकारही कोणी पाहात नाही. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो, मोटार किती अश्वशक्तीची आहे? विहीर उथळ असेल तर तीन अश्वशक्तीची पुरते. पाणी खोल गेले असेल किंवा शेत दूर असेल, तर पाच अश्वशक्तीची घ्यावी लागते. घेणारा आणि देणारा दोघेही हा शब्द सहज उच्चारतात. घोडा मात्र त्या दुकानात कोठेच नसतो. शिवाय आपल्या भागात विहिरीवर पिढ्यान् पिढ्या जुंपले ते बैल, घोडे नव्हेत. मग मोटारीच्या अंगावर हा घोडा आला तरी कोठून?

हे समजण्यासाठी आधी मोटेकडे वळू. विजेच्या मोटारी आणि तेलाची इंजिने येण्यापूर्वी आपल्या विहिरींवर मोटा चालत. बैल धावेवरून उतरू लागले, की नाडा ताणला जाई, पाण्याने भरलेली चामड्याची मोट वर येई आणि थारोळ्यात रिती होई. तेथून पाणी पाटाने पिकाकडे जाई. आता समजा, एका मोटेत १५० किलो पाणी मावते, विहिरीतील पाणी ८ मीटर खोल आहे आणि मिनिटाला एक मोट बाहेर येते. शेजारच्या विहिरीवरील मोट लहान आहे. पण तेथील बैल चपळ आहेत. या दोहोंपैकी कोणती जोडी अधिक काम करते, हे नुसते पाहून सांगता येईल काय? ओझे किती, ते किती उंच चढविले आणि त्यास वेळ किती लागला, या तीन गोष्टी मोजल्यावाचून उत्तर मिळावयाचे नाही. ओझ्याला उंचीने गुणावयाचे आणि वेळेने भागावयाचे. येईल तो आकडा त्या जोडीच्या शक्तीचा. आपली पहिली जोडी दर मिनिटाला १२०० किलो ओझे एक मीटर उंच चढविण्याइतके काम करते. बैल उलट पावली मागे येतात, तो वेळही यात धरला आहे.

शक्ती अशी मोजता येते आणि ती मोजलीच पाहिजे, ही गोष्ट ज्याने साऱ्या जगाच्या गळी उतरविली, त्या कारागिराचे नाव जेम्स वॉट. वाफेचे यंत्र वॉटने शोधून काढले, असे अनेकजण समजतात. परंतु ते खरे नव्हे. त्याच्या जन्मापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे १७१२ साली, थॉमस न्यूकोमेन नावाच्या इंग्रजाने खाणीतील पाणी उपसणारे वाफेचे यंत्र चालवून दाखविले होते. वॉटने काय केले, तर आयत्या यंत्रात एक सुधारणा केली आणि त्या सुधारणेने किती फायदा झाला, ते आकड्यांनी सिद्ध करून दाखविले. एवढ्यानेच जगाचे रूप पालटले.

जेम्स वॉटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात झाला. आजोबा गणित शिकवीत. वडील जहाजबांधणीच्या कामात निष्णात होते आणि नाविकांना लागणारी उपकरणेही ते विकीत. जेम्स लहानपणी फार अशक्त होता. डोकेदुखीने तो हैराण होई, आणि त्यामुळे शाळेत जाण्यात खंड पडे. आईने त्यास घरीच लिहावयास-वाचावयास शिकविले. वडिलांनी त्याला लहान लहान हत्यारे दिली, आणि त्यांच्या कामठ्याच्या एका कोपऱ्यात बसून तो यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती बनवू लागला. चुलीवरील किटलीचे झाकण वाफेने उडताना पाहून त्याला यंत्र सुचले, अशी एक गोष्ट सांगतात. ती ऐकावयास गोड आहे. परंतु वॉटच्या यशाचे रहस्य किटलीत नव्हते. ते त्याच्या मोजपट्टीत होते.

तो सतरा वर्षांचा असताना आई वारली. वडिलांच्या व्यापारातही खोट आली. पोट भरण्यासाठी काही विद्या हाती असावी म्हणून उपकरणे बनविण्याची कला शिकण्याचे त्याने ठरविले, आणि १७५५ साली तो लंडनला गेला. तेथील कारागिरांच्या संघाचा नियम असा, की उमेदवाराने सात वर्षे गुरूकडे राबावे. वॉटजवळ ना तेवढा वेळ होता, ना तेवढा पैसा. मोठ्या खटपटीने वीस गिनी फी घेऊन एक वर्ष शिकविण्यास एक कारागीर तयार झाला. वॉटने दिवसरात्र काम केले, पोटाला चिमटा घेतला आणि सात वर्षांची विद्या एका वर्षात पदरात पाडून घेतली. या श्रमांनी त्याची प्रकृती ढासळली. पण हात तयार झाला.

१७५६ मध्ये तो स्कॉटलंडला परतला. ग्लासगो शहरात दुकान थाटावे, तर तेथेही सात वर्षांच्या उमेदवारीची अडचण आडवी आली. अशा वेळी ग्लासगोचे विद्यापीठ त्याच्या मदतीस धावले. विद्यापीठाकडे खगोलशास्त्राची काही उपकरणे आली होती; समुद्रप्रवासात त्यांना गंज चढला होता. ती वॉटने उत्तम दुरुस्त करून दिली. १७५७ साली विद्यापीठाने आपल्या आवारात त्याला काम करण्यासाठी जागा दिली. हा अल्पशिक्षित, अबोल तरुण कारागीर लौकरच प्राध्यापकांचा मित्र झाला. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक त्याच्या खोलीत येऊन बसत आणि दोघांच्या शास्त्रीय गोष्टी चालत.

१७६३ सालच्या हिवाळ्यात विद्यापीठाने त्याच्याकडे एक वस्तू दुरुस्तीसाठी पाठविली. ती न्यूकोमेनच्या यंत्राची लहानशी प्रतिकृती होती. तिच्या सिलिंडरचा व्यास अवघा दोन इंच होता. न्यूकोमेनच्या यंत्राची रचना साधी होती. उभ्या सिलिंडरमध्ये वाफ भरावयाची. मग आत थंड पाण्याची चिळकांडी सोडावयाची. त्यासरशी वाफेचे पाणी होई, आत पोकळी निर्माण होई, आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबी. दट्ट्या खाली आला, की तराजूच्या दांडीसारखी वर टांगलेली तुळई एका बाजूने झुके व दुसऱ्या बाजूने पंपाची कांब वर उचलली जाई.

वॉटने प्रतिकृती दुरुस्त केली. ती चालू लागली; पण दोन-चार हेलकावे घेताच बंद पडे, कारण तेवढ्यातच सारी वाफ संपून जाई. दुसरा एखादा कारागीर असता, तर त्याने मजुरी घेऊन वस्तू परत केली असती. वॉटला मात्र प्रश्न पडला, की एवढी वाफ जाते कोठे? हा प्रश्न सोडविण्यासाठी त्याने तर्क लढविले नाहीत. त्याने मोजण्यास प्रारंभ केला. किती पाण्यापासून किती घनफळाची वाफ होते, प्रत्येक हेलकाव्यास किती वाफ लागावयास हवी आणि प्रत्यक्षात किती खर्च होते, हे त्याने एकेक करून पडताळले. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे अठराशेपट होते, असे त्यास आढळले. थोड्याशा वाफेत आपल्या सहापट वजनाचे पाणी उकळीपर्यंत तापविण्याइतकी उष्णता असते, हे पाहून तर तो थक्क झाला. त्याने ब्लॅकला विचारले, तेव्हा या सुप्त उष्णतेचा शोध ब्लॅकने आधीच लावला असल्याचे त्याला कळले.

हिशेब पुरा झाल्यावर चोर सापडला. वाफेतील उष्णतेचा सुमारे तीन चतुर्थांश भाग दट्ट्या हलविण्यात खर्चच होत नव्हता. थंड पाण्याने गार झालेला सिलिंडर पुन्हा तापविण्यातच तो वाया जात होता. एखाद्या गृहिणीने प्रत्येक भाकरी उतरल्यावर तवा पाण्यात बुडवावा आणि पुढच्या भाकरीसाठी तो नव्याने तापवीत बसावे, तसाच हा प्रकार होता. अशा स्वयंपाकात सरपण किती जळेल याची कल्पना करा!

पण यावर उपाय काय? वाफेचे पाणी व्हावे म्हणून गारवा हवा आणि वाफ वाया जाऊ नये म्हणून सिलिंडर तापलेला हवा. दोन्ही एकाच जागी कसे साधणार? वॉट दोन वर्षे या कोड्याभोवती घोटाळत होता. १७६५ च्या वसंत ऋतूत एका रविवारी तो ग्लासगोच्या हिरवळीवर एकटाच फिरत असताना त्याला उत्तर सुचले. सिलिंडर सदैव तापलेलाच ठेवावा आणि शेजारी दुसरे एक थंड पात्र जोडावे. झडप उघडताच वाफ त्या पात्रात धावेल आणि तेथेच तिचे पाणी होईल. या पात्राला संघनक म्हणतात. तवा तापलेला राहिला आणि पाणी दुसऱ्या भांड्यात गेले! बदल एवढासाच, पण तो शोधण्यास दोन वर्षांची मोजमापे कारणी लागली होती.

सुचणे आणि साधणे यांत फार अंतर असते. संघनकाच्या कल्पनेपासून चालत्या यंत्रापर्यंत पोचण्यास वॉटला अकरा वर्षे लागली. त्या काळी मोठा सिलिंडर आतून अचूक गोल कातणारे यंत्रच नव्हते. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्या फटीतून वाफ निसटे. त्याने कापूस, चिंध्या, चामडे, नाना तऱ्हेचे पदार्थ घालून पाहिले. पण गळती थांबेना. जॉन रोबक नावाच्या कारखानदाराने त्याला भांडवल दिले आणि १७६९ च्या जानेवारीत शोधाचे पेटंटही मिळाले. पण यंत्र काही मनासारखे चालले नाही. संसार चालविण्यासाठी वॉट कालव्यांच्या मोजणीची कामे करी. थंडीवाऱ्यात, उघड्या माळावर तो दिवसचे दिवस काढी. १७७३ साली रोबकचे दिवाळे निघाले, आणि त्याच वर्षी वॉटची पत्नी मार्गारेट वारली. घरी लहान मुले, डोक्यावर कर्ज आणि हाती अर्धवट यंत्र, अशी त्याची अवस्था झाली.

या अंधारात मॅथ्यू बोल्टन हा मित्र पुढे आला. बर्मिंगहॅमजवळ त्याचा मोठा कारखाना होता. रोबकचा वाटा त्याने घेतला आणि १७७४ मध्ये वॉट बर्मिंगहॅमला गेला. वॉट बुजरा, निराश होणारा. तर बोल्टन उमदा आणि धाडसी. दोघांची जोडी उत्तम जमली. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन नावाच्या लोहकाम करणाऱ्या कारखानदाराने तोफांच्या नळ्या अचूक कातणारे यंत्र तयार केले, आणि त्यामुळे चांगले सिलिंडर मिळू लागले. १७७६ साली वॉटची पहिली दोन मोठी यंत्रे सुरू झाली. एक कोळशाच्या खाणीतील पाणी उपसू लागले, तर दुसरे विल्किन्सनच्या भट्टीत हवा फुंकू लागले.

आता खरी परीक्षा होती. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल हा प्रदेश आहे. तेथे तांब्याच्या आणि कथिलाच्या खोल खाणी होत्या. पण कोळसा नव्हता. तो जहाजांतून आणावा लागे आणि महाग पडे. जुनी यंत्रे एवढा कोळसा खात, की काही खाणी बंद पडण्याची वेळ आली होती. खाण बंद पडली म्हणजे शेकडो मजुरांची चूल विझणार. नवे यंत्र कोळसा वाचविते, असे वॉट सांगत होता. परंतु आपला माल चांगला म्हणून कोण सांगत नाही? खाणमालकांनी केवळ शब्दावर विश्वास का ठेवावा?

वॉट आणि बोल्टन यांनी एक विलक्षण करार पुढे मांडला. तेवढेच पाणी उपसण्यास जुन्या यंत्राला किती कोळसा लागला असता आणि नव्याला किती लागला, हे पाहावे. जी बचत होईल तिचे तीन भाग करावेत. दोन भाग मालकाचे आणि एक भाग कंपनीचा. बचत झालीच नाही, तर कंपनीला काही मिळावयाचे नाही. आपल्याच दाव्याला आपणच तराजूत घालण्याचा हा प्रकार होता. यासाठी प्रत्येक यंत्राच्या तुळईवर एक छोटी पेटी बसविली जाई. यंत्राने एक हेलकावा घेतला, की पेटीतील आकडा एकाने पुढे सरके. पेटीला कुलूप असे. एका हेलकाव्यात किती पाणी किती उंच चढते ते ठाऊक असल्यामुळे महिन्याकाठी एकूण काम किती झाले, याचा हिशेब बिनचूक निघे. कोळसा मापून घेतला जाईच. एका मापाच्या कोळशात किती पौंड पाणी एक फूट चढले, या आकड्यावरून यंत्राची लायकी ठरू लागली. जुन्या साध्या यंत्रांना लागणाऱ्या कोळशाच्या सुमारे चौथ्या हिश्श्यात नवे यंत्र तेच काम करू लागले.

पुढे खाणीबाहेरही यंत्रांची मागणी होऊ लागली. पिठाच्या गिरण्या, दारूच्या भट्ट्या, सूत कातण्याचे कारखाने यांना मागे-पुढे हेलकावणारे यंत्र नको होते. त्यांना चाक फिरविणारे यंत्र हवे होते. १७८१ पासून वॉटने तशी यंत्रे तयार करण्यास आरंभ केला. आता एक नवीच अडचण उभी राहिली. खाणीत जुन्या वाफयंत्राशी तुलना करता येत असे; परंतु गिरणीत पूर्वी वाफेचे यंत्र नव्हतेच. तेथे घोडे गोल फिरून जाते ओढीत. मग बचत कशाच्या मानाने मोजावी आणि पैसे कशाच्या हिशेबाने घ्यावे? गिरणीवाल्याला पौंड आणि फूट यांचा गुणाकार नको होता. त्याला एवढेच समजून घ्यावयाचे होते, की हे यंत्र घेतल्यास आपले किती घोडे सुटतील.

तेव्हा वॉटने घोडाच मोजावयास घेतला. जात्याला जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो आणि तासाला १४४ फेऱ्या घालतो, म्हणजे मिनिटाला सुमारे १८१ फूट चालतो. तो १८० पौंडांच्या जोराने ओढतो, असे धरले. या दोहोंचा गुणाकार ३२,५०० च्या थोडा वर जातो. तो वॉटने वाढवून ३३,००० केला. मिनिटाला ३३,००० पौंड ओझे एक फूट उंच चढविण्याइतके काम, म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्या मापात सांगावयाचे, तर सुमारे ७६ किलो ओझे एका सेकंदात एक मीटर उंच चढविणे. या मापाने पाहता आपली पहिली मोट सुमारे पाव अश्वशक्तीची ठरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सामान्य घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही. वॉटने माप धरताना ते विकणाऱ्याच्या नव्हे, तर घेणाऱ्याच्या सोयीचे धरले. दहा अश्वशक्तीचे यंत्र घेणाऱ्याला दहा घोड्यांहून अधिकच काम मिळे. माप हलके धरून यंत्र मोठे भासविणे त्याला कठीण नव्हते. त्याने तसे केले नाही. दर अश्वशक्तीमागे वर्षाला पाच पौंड आणि लंडनमध्ये सहा पौंड, असा आकार ठरला. १७८५ साली लंडनच्या एका मद्याच्या कारखान्यात बसविलेले त्याचे यंत्र सिडनी येथील संग्रहालयाने जतन करून ठेवले आहे.

पण सिलिंडरच्या आत काय चालते, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी वॉटने एक लहान दर्शक यंत्र बनविले. त्यातील स्प्रिंगवर वाफेचा दाब पडे, आणि तो किती आहे ते काटा दाखवी. पुढे जॉन साउदर्न या त्याच्या साहाय्यकाने १७९६ च्या सुमारास त्याला पेन्सिल आणि सरकती पाटी जोडली. त्यामुळे दट्ट्याच्या प्रत्येक फेरीबरोबर कागदावर दाबाची आकृती आपोआप उमटू लागली. वैद्याने नाडी पाहून दुखणे ओळखावे, त्याप्रमाणे या आकृतीवरून झडप उशिरा उघडते की वाफ गळते, ते कळू लागले. एखादा भाग बदलावा, पुन्हा आकृती काढावी आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. सुधारणा खरी की भासमान, ते लगेच उघड होई. वॉटच्याच काळातील जॉन स्मीटन हा स्थापत्यविशारदही याच मार्गाने चालला होता. न्यूकोमेनच्या यंत्रातील एकेक भाग थोडा थोडा बदलून आणि प्रत्येक वेळी काम मोजून त्याने मूळ तत्त्व न बदलताच त्या यंत्राची कामगिरी जवळजवळ दुप्पट केली होती.

थोर पुरुषांचे दोषही सांगितले पाहिजेत. वॉटच्या पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून मिळाली होती. त्या काळात नव्या तऱ्हेची यंत्रे करू पाहणाऱ्या इतरांना त्याने कायद्याने अडविले. बचतीचा तिसरा हिस्सा देण्यास कॉर्नवॉलच्या खाणमालकांनी पुढे कुरकुर केली आणि कज्जे झाले. अधिक दाबाची वाफ वापरणे धोक्याचे आहे, असे वॉटचे मत होते. त्या भीतीपोटी त्याने तो मार्ग चोखाळला नाही. पेटंट संपल्यावर रिचर्ड ट्रेव्हिथिक याने तोच मार्ग धरला आणि वाफेची गाडी रुळांवर चालविली. ज्याने एक दार उघडले, त्यानेच दुसरे काही काळ लोटून धरले होते.

१८०० साली वॉट धंद्यातून निवृत्त झाला. पण हात स्वस्थ बसले नाहीत. घराच्या माळ्यावरील खोलीत तो अखेरपर्यंत काही ना काही घडवीत राहिला. पुतळ्यांच्या प्रती काढणारे एक यंत्र त्याने म्हातारपणी तयार केले. २५ ऑगस्ट १८१९ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचा मित्र बोल्टन दहा वर्षे आधीच गेला होता. त्याच्याच शेजारी वॉटला चिरविश्रांती मिळाली. त्याची ती माळ्यावरची खोली, आतील हत्यारांसह, लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने जपून ठेवली आहे.

वॉट गेला, त्याची रीत मात्र राहिली. १८२१ साली द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याने यंत्राच्या फिरत्या चाकाला लाकडी पकडीने आवळून त्याचा जोर मोजण्याची युक्ती काढली. वॉटचे दर्शक यंत्र सिलिंडरच्या आतील शक्ती सांगे. ही पकड चाकापर्यंत पोचलेली शक्ती सांगू लागली. दोहोंतील फरक घर्षणात खर्च होतो. आज शर्यतीच्या मोटारगाड्यांची परीक्षा याच विचाराने होते. गाडीची चाके जड लोखंडी रुळांवर ठेवतात आणि इंजिन पूर्ण जोराने चालवितात. चाके त्या रुळांना किती जोराने आणि किती वेगाने फिरवितात, यावरून अश्वशक्ती काढतात. हवा आत घेणारी जाळी बदलली, धूर बाहेर टाकणारी नळी मोठी केली, म्हणजे गाडीचा आवाज वाढतो आणि चालविणाऱ्यास वाटते, की शक्ती वाढली. रूळ मात्र आवाजाला भुलत नाहीत.

तरीही रुळांवरील परीक्षेत सावध राहावे लागते. थंड हवा दाट असते. ती इंजिनात गेली, की शक्ती थोडी वाढते. म्हणून बदलापूर्वीची मोजणी दुपारच्या उन्हात आणि नंतरची पहाटेच्या गारव्यात केली, तर फरक हवेचा असतो आणि श्रेय नळीला मिळते. समजा, एका गाडीत काहीही न बदलता तिची तीनदा परीक्षा केली आणि १००, १०२ व ९९ असे आकडे आले. मग नवी जाळी बसविल्यावर १०२ आला, तर लाभ झाला असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिस्थिती सारखी ठेवावी, मोजणी अनेकदा करावी आणि मगच बोलावे. वॉटने दोन इंची सिलिंडरवर जे केले, तेच येथे करावे लागते.

१८५३ साली मुंबई ते ठाणे अशी आगगाडी धावली, तेव्हा वाफेची शक्ती आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुण्याजवळ खडकी येथे १९४६ साली किर्लोस्करांचा तेलाच्या इंजिनांचा कारखाना निघाला आणि खेडोपाडीच्या विहिरींवर इंजिनांचा आवाज घुमू लागला. मोटा हळूहळू अडगळीत गेल्या. त्यानंतर वीज आली. वॉटच्या नावावरून शक्तीच्या मापाला वॅट हे नाव द्यावे, असे १८८२ साली सुचविले गेले, आणि आज सारे जग ते वापरते. ७४६ वॅट म्हणजे एक अश्वशक्ती.

पुढच्या वेळी विहिरीवर जाल, तेव्हा मोटारीवर जडविलेली पत्र्याची पट्टी पुसून वाचा. पाच अश्वशक्तीच्या मोटारीवर तिच्याच शेजारी ३.७ किलोवॅट असे छापलेले आढळेल. एकाच पट्टीवर गिरणीतला तो घोडा आहे आणि त्याला मोजणारा कारागीरही आहे. पट्टी वाचून झाल्यावर मात्र तिच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. एक पिंप घ्या, घड्याळ घ्या, पाणी किती खोलीवरून येते ते दोरीने पाहा आणि पिंप भरण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. उत्तर पट्टीवरील आकड्यापेक्षा कमीच येईल. कारण काही शक्ती पंपात आणि नळात खर्च होते. ती किती आणि कोठे जाते, हे शोधण्याची इच्छा तुमच्या मनात उत्पन्न झाली, तर जेम्स वॉटच्या कामाला तुम्हीही हात लावला, असे समजण्यास हरकत नाही.